मांडूला निघण्याआधी गाडीची नंबरप्लेट वाचा

पुणे, नाशिक, जळगाव, नागपूर, जिथून म्हणून माळव्यात यायला निघाला असाल, त्या सगळ्यांना धार जिल्ह्यातून हे तातडीचं आवाहन आहे. गाडी ठरवायची राहिली असेल तर ठरवण्याआधी वाचा. ठरवून झाली असेल तर उरलेले पैसे देण्याआधी वाचा.

पहिला दमदार पाऊस पडला की नालछ्याच्या रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या दिसू लागतात. धारहून मांडूकडे निघालं की गडाआधीचं शेवटचं मोठं गाव नालछा. मांडूला जाणारा माणूस इथं थांबतो, ही रीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात पंडित आशाधर हे जैन ग्रंथकार धार सोडून इथं येऊन राहिले, तेव्हा गावाला नलकच्छपूर म्हणत. १८२० च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम यानं इथल्याच एका पडक्या महालाची डागडुजी करून मुक्काम ठोकला. आता मुक्काम कुणी करत नाही. चहा होतो, भजी होतात, पोरांचं आटोपतं आणि गाड्या पुढं काकडा खोहच्या दरीकडं सुटतात. पुढचा रस्ता अरुंद, दरीच्या कडेचा. पावसाळ्यात ढग खाली उतरले की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही.

या गाड्यांकडं जरा नीट बघा. पुष्कळ गाड्यांची नंबरप्लेट पांढरी असते, पण चालक आणि मागं बसलेलं कुटुंब यांची ओळख सकाळी इंदूरच्या स्टेशनाबाहेर झालेली असते. चहा पिता पिता चालक पाहुण्यांना समजावत असतो, ‘पुढं कुणी अडवून विचारलं तर सांगा, घरचीच गाडी आहे, हा आमच्या भाच्याचा मित्र.’ आजी मान डोलावतात. नातवंडांना गंमत वाटते. घरातल्या कर्त्याला मात्र कळलेलं असतं की काहीतरी गडबड आहे, पण ‘किलोमीटरला दोन रुपये कमी’ म्हणून गाडी घेतलेली असते आणि आता बोलण्यात अर्थ नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे दोन रुपये वाचवू नका. गाडीच्या खर्चात वाचवण्यासारखं खूप आहे, पुढं सगळं सांगतो. पण ते नंबरप्लेटच्या रंगात नाही आणि चालकाच्या झोपेतही नाही.

आधी रंगांचं बघू. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्यानं चालवायची परवानगी असलेली टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी गाडी. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी असते, त्यात खाजगी गाडीची अक्षरं पांढरी आणि टॅक्सीची पिवळी. एवढं लक्षात ठेवलं की स्टेशनाबाहेर गाडी पुढ्यात येऊन उभी राहिली की बसायचं की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही.

पांढरी गाडी स्वस्त का पडते? तिनं परवान्याचे पैसे भरलेले नसतात, टॅक्सीचा विम्याचा हप्ता भरलेला नसतो. पिवळ्या गाडीला ठरावीक मुदतीनं आरटीओत जाऊन फिटनेस दाखवावा लागतो. खाजगी गाडीला नोंदणीपासून पंधरा वर्षं तशी तपासणी नसते. म्हणजे तुम्हाला मिळणारी सूट मालक स्वतःच्या खिशातून देत नाही, तुमच्या सुरक्षेतून कापून देतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परवान्याशिवाय गाडी भाड्यानं चालवता येत नाही. कलम १९२अ खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय गाडी जागेवर अडकवून ठेवायचा अधिकार पोलिसांना आहे. दंड मालकाला होईल हे खरं. पण भर पावसात, बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं ते तुम्हालाच.

आणि हे झालं काही न बिघडता. बिघडलं तर विमा. खाजगी गाडीच्या विम्याच्या कागदावर वापराच्या अटी छापलेल्या असतात आणि त्यात भाड्यानं वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि गाडी भाड्याची होती हे सिद्ध झालं, की विमा कंपनी हात वर करू शकते. मग दवाखान्याचं बिल, नुकसानभरपाई, वर्षानुवर्षं चालणारी तारीख पे तारीख. ‘आम्ही नातेवाईक आहोत’ असं पोलिसांपुढं सांगितलेलं खोटं तेव्हा तुमच्याच अंगाशी येतं.

गैरसमज नको. तुमच्या मावसभावानं धारला स्वतःची गाडी दिली आणि डिझेल तुम्ही भरलंत, तर त्याला कुणी भाडं म्हणत नाही. तो पाहुणचार झाला. बोलतोय ते पैसे घेऊन अनोळखी माणसांना फिरवणाऱ्या खाजगी गाड्यांबद्दल.

गाडीचा नंबर आधी मागून घ्या आणि मोबाइलवर सरकारी एमपरिवहन ॲपमध्ये टाका. वाहनाचा प्रकार दिसतो. ‘मोटर कॅब’ असेल तर टॅक्सी, ‘मोटर कार’ असेल तर खाजगी. विमा कुठवर आहे, फिटनेस आणि पीयूसी कधी संपते तेही दिसतं. दोन मिनिटांचं काम. नंबर मागितल्यावर ‘सकाळी कुठली गाडी मोकळी असेल त्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर पुढं बोलायचं कारण नाही.

आता पैशांकडं येऊ. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबाच्या हिशेबात सगळ्यात मोठी चूक होते ती गाडी कुठून घ्यायची हे ठरवण्यातच. पुण्याहून इंदूर साधारण सहाशे किलोमीटर. सहा माणसं, एक मोठी गाडी, पुण्याहूनच निघू, असं ठरतं. जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर नुसता रस्ता झाला, त्यात बघायचं असं काहीच नाही. इकडं फिरणं चारशे-साडेचारशे किलोमीटर: इंदूरहून उज्जैन पंचावन्न, इंदूरहून मांडू शंभराच्या आत-बाहेर, मांडूहून महेश्वर चाळीस-पंचेचाळीस, तिथून ओंकारेश्वर साधारण पासष्ट आणि परत इंदूर ऐंशी. समजा दर किलोमीटरला पंधरा रुपये धरला. साडेसोळाशे किलोमीटरचे पावणेपंचवीस हजार, वर चालकाचे पाच दिवसांचे भत्ते, वर टोल. एवढ्या पैशांचा पाऊणएक भाग नुसता येण्याजाण्यात गेला.

त्याऐवजी रात्रीच्या गाडीनं इंदूरला या. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस आहे, पुण्याहूनही इंदूरला थेट गाडी आहे. सकाळी उतरा. उज्जैनला टॅक्सी करायची गरजच नाही, इंदूर-उज्जैन बस आणि रेल्वे दोन्ही भरपूर आहेत. देवासला टेकडीवर जायचं असेल तरी बस आहे, इंदूरपासून चाळीसएक किलोमीटर. गाडी घ्या ती फक्त मांडू-महेश्वर-ओंकारेश्वर या दोन दिवसांसाठी, आणि घ्या इंदूरची किंवा धारची, पिवळ्या पाटीची. त्याच पंधरा रुपयांच्या दरानं किमान अंतर धरूनही भाडं साडेसात हजारांच्या आसपास येतं. खरं सांगायचं तर फरक तुम्ही रेल्वेनं कसे येता त्यावर आहे. स्लीपरनं आलात तर भरपूर वाचतात. सहाही जण थर्ड एसीनं आलात तर बचत खूपच कमी होते. पण दोन दिवस वाचतात आणि सहाशे किलोमीटर चालवून दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला घेऊन घाटात शिरत नाही. मला विचाराल तर हे दुसरं कारण पैशाहून मोठं आहे.

खानदेशाचं गणित मात्र उलटं. धुळ्याहून शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा, खलघाट करत धामनोदला येणं दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथून महेश्वर हाकेवर. धुळे-जळगावकरांनी आधी इंदूर गाठून मग गाडी घेण्यात शहाणपण नाही. त्यांनी आपल्याच गावची परवान्याची टॅक्सी घ्यावी, आधी महेश्वर आणि मग मांडू करावं. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आहे. तो होईल तेव्हा हा परिच्छेद खोडा. तोवर मुंबई-आग्रा रस्ताच.

तारखा निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या, ती मराठी माणसाला हमखास चकवते. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो. माळव्यातला सावन पौर्णिमेनंतर, म्हणजे आपल्याआधी पंधरा दिवस. कालनिर्णय बघून तुम्ही ‘श्रावणाच्या आधीच जाऊन येऊ, गर्दी नसेल’ म्हणून निघता आणि इथं उतरता तेव्हा सावन जोरात सुरू असतो. दर सोमवारी उज्जैनला महाकालची सवारी निघते, आणि ती आपल्या श्रावणाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे इथल्या भादव्यातही चालू राहते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंदिराशेजारी ‘महाकाल लोक’ हा परिसर झाल्यापासून गर्दी आणखी वाढली आहे. शनिवार ते सोमवार इंदुरात गाडी मिळणं कठीण, मिळाली तर दर चढे. मंगळवारी सकाळी गाडी घ्या, बुधवारी रात्री सोडा. मांडूही मंगळवारी मोकळं सापडतं. जहाज महालावर शांतपणे बसता येतं, हा फायदा पैशात मोजता येत नाही.

आता भाड्याचा कागद. टॅक्सीवाला फोनवर फक्त दर सांगतो, ‘पंधरा रुपये किलोमीटर’. भांडणं होतात ती न सांगितलेल्या गोष्टींवरून. दिवसाला किमान अंतर असतं, कुठं २५०, कुठं ३०० किलोमीटर. तेवढी गाडी पळाली नाही तरी तेवढे पैसे द्यावे लागतात. दिवस म्हणजे चोवीस तास, असं पाहुण्यांना वाटतं. बहुतेक मालक मात्र रात्री बारा ते रात्री बारा मोजतात. रात्री दहाला स्टेशनावर गाडी बोलावलीत तर त्या दोन तासांचा अख्खा दिवस लागतो, २५० किलोमीटरसकट. पहाटेची गाडी धरायला रात्री साडेबाराला हॉटेलातून निघालात तरी तेच. फक्त वेळ सरकवून एका दिवसाचं भाडं वाचतं, हे कुणी सांगत नाही. तेवढ्या प्रवासासाठी स्टेशनाबाहेरची रिक्षा करा.

अंतर कुठून मोजतात तेही विचारा. ‘गॅरेज ते गॅरेज’ म्हणजे गाडी मालकाच्या घरून निघाल्यापासून परत तिथं पोहोचेपर्यंत. मालक इंदूरच्या दुसऱ्या टोकाला राहत असला तर ते तीस-चाळीस किलोमीटर तुमच्या खात्यावर. धारला उतरून धारचीच गाडी घेतलीत तर हा प्रश्न येत नाही.

आणखी एक, जो हिशेबी लोकांच्याही लक्षात येत नाही. दोन दिवसांचे किमान पाचशे किलोमीटर तुम्ही भरणारच आहात आणि प्रत्यक्षात इंदूर-मांडू-महेश्वर-ओंकारेश्वर-इंदूर तीनशे-सव्वातीनशेच भरतं. म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर तुमच्या खिशात शिल्लक आहेत. मग मांडूत रूपमती मंडपापर्यंत गाडी न्यायची का, रेवा कुंडापाशी परत यायचं का, यावर कुरकुर करू नका. ते पैसे भरलेले आहेत. हवं तिथं जा, परतताना धारच्या किल्ल्यात उतरा. १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म त्याच किल्ल्यात झाला. त्याची आई आनंदीबाई तेव्हा धारच्या पवारांच्या आश्रयाला होती. किंवा किमान अंतराऐवजी ‘दिवसाचं भाडं वेगळं, डिझेल आमचं’ असं ठरवून बघा. कमी पळवायची असेल तर ते परवडतं. अट एकच, निघताना टाकी फुल, सोडताना टाकी फुल, दोन्ही पावत्या तुमच्या हातात.

टोलचं बिल फास्टॅगच्या मेसेजवरून तपासता येतं, चालकाला मोबाइल दाखवायला सांगा. प्रामाणिक चालक लगेच दाखवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना निघालेला फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खाजगी गाड्यांसाठी आहे. टॅक्सीचा टोल ‘पासमध्ये बसतो’ असं कुणी म्हणालं, की समजा गाडी टॅक्सी नाही. ‘एमपी टॅक्स’ म्हणून महाराष्ट्रातली गाडी दोन-तीन हजार लावते, तेव्हा विचारा की गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का. असला तर राज्याच्या सीमेवर वेगळा कर भरावा लागू नये, ही त्या परवान्यामागची कल्पनाच आहे. मध्य प्रदेशानं तर परिवहन खात्याचे सीमेवरचे चेकपोस्ट १ जुलै २०२४ पासून बंद केले. ‘बिजासनला चेकपोस्टवर भरले’ असं सांगणाऱ्याकडं पावती मागायला लाजू नका.

हे सगळं तोंडी ठरवू नका. गाडी पक्की करताना मालकाला व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवा आणि त्याच्याकडून ‘ओके’ मागून घ्या. असा काहीसा: ‘मंगळवारी सकाळी ७ ला इंदूर स्टेशन, बुधवारी रात्री ९ ला तिथंच सोडणे. पिवळ्या नंबरप्लेटची सात सीटची गाडी, नंबर अमुक. दोन दिवस, दिवसाला २५० किमी, वरच्या किलोमीटरला अमुक रुपये. मोजणी स्टेशनापासून स्टेशनापर्यंत. चालक भत्ता दिवसाला अमुक, रात्रीचा वेगळा आकार नाही. टोल, पार्किंग पावतीप्रमाणे. एसी घाटातही चालू. जीएसटी धरून की वेगळा, ते कळवा.’ गाडीत बसताना मीटरचा फोटो, उतरताना मीटरचा फोटो. घाटात एसी बंद करण्यावरून जेवढी कटकट होते तेवढी भाड्यावरूनही होत नाही, म्हणून तेही लिहा.

आगाऊ पैसे पाठवताना सावध. इंटरनेटवर सापडलेला नंबर, गोड बोलणं, क्यूआर कोड आणि सकाळी स्टेशनावर कुणीच नाही, असा प्रकार हल्ली सर्रास होतो. थोडीच रक्कम द्या, तीही गाडीचा नंबर ॲपवर तपासून झाल्यावर. फसलात तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, जितकं लवकर तितकी पैसे अडण्याची शक्यता जास्त. ठरलेलं न पाळल्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, आणि तिथं तो व्हॉट्सॲपचा मजकूर कामी येतो.

स्वतः चालवायला गाडी घेणारी तरुण मंडळी वाढली आहेत. त्यांना थोडक्यात सांगतो. काळ्या पाटीची घ्या. ताब्यात घेताना चारही बाजूंनी, टायर आणि छतासकट, व्हिडिओ काढा आणि लगेच मालकाला पाठवा. अनामत कापायला जुना ओरखडाच पुरतो. आणि मांडूच्या धुक्यात पहिल्यांदाच गाडी चालवणार असाल तर अंधार पडायच्या आत गडावर पोहोचा. दिवसा घाई नको, रात्री हौस नको.

चालकाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ‘वाचवा’ म्हटलं की आपण पहिला हात त्याच्या भत्त्याला घालतो. रात्री नऊला इंदूर सोडायचं, पहाटे महेश्वरचा घाट, दुपारी मांडू, संध्याकाळी परत; म्हणजे हॉटेलचा एक मुक्काम वाचतो, असा हिशेब मी पाहुण्यांच्या तोंडून ऐकला आहे. मुक्काम तुमचा वाचतो, झोप चालकाची जाते. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात चालकाच्या कामाची मर्यादा दिवसाला आठ तासांची होती, लांब पल्ल्याला फार तर दहा. खाजगी टॅक्सीत ती कधी कुणी पाळली नाही म्हणून ती मोडायचा परवाना आपल्याला मिळत नाही. धामनोदजवळच्या गणपती घाटात झालेल्या अपघातांची संख्या एवढी मोठी होती, की महामार्गाला तिथं वेगळी वाट काढावी लागली. त्या पट्ट्यात पेंगलेला चालक नको.

मांडूत मुक्काम करणार असाल तर खोली ठरवतानाच ‘ड्रायव्हरची सोय आहे का’ विचारा. बऱ्याच हॉटेलांत असते, मागितली नाही तर कुणी देत नाही, आणि तो माणूस पावसात काचा थोड्या उघड्या ठेवून गाडीतच झोपतो. डास, ओल, आणि सकाळी सहाला तुम्ही तयार. त्याच्या जेवणाला शंभर-दीडशे रुपये द्यायचे की नाहीत यावर नालछ्याच्या चहावर बसून नवरा-बायकोत खल चाललेला असतो आणि शेजारच्या टोपलीतली खुरासानी चिंचेची फळं मात्र सांगेल त्या भावानं घेतली जातात. घ्या, जरूर घ्या; गोरखचिंचेचं ते फळ तुमच्याकडं सहजासहजी मिळत नाही. चालकाचं जेवण आधी.

त्याच चालकाला महेश्वरात शिरताना एक गोष्ट हसत हसत सांगून टाका, ‘साड्यांचं दुकान आमचं आम्ही बघू.’ दुकानदाराचं कमिशन चालकाच्या खिशात जातं आणि साडीच्या किमतीतून निघतं, हे पर्यटनाच्या गावांत सगळीकडं चालतं. किल्ल्याच्या आसपास माग चालू असतात, आत जाऊन विणकाम बघता येतं, दोन-तीन ठिकाणी भाव विचारता येतो. दोन माहेश्वरी साड्यांमध्ये जितके वाचतील तितके पांढऱ्या गाडीत वाचणार नाहीत. चालकाला वाईट वाटू नये म्हणून त्याला शेवटी बक्षीस द्या, तुमच्या मर्जीनं.

आता आपल्या इथल्या माणसांना. धार-देवास-इंदूरच्या मराठी घरांत पावसाळ्यात पाहुण्यांचा फोन येतोच, ‘काका, तिकडं एखादी गाडी बघून ठेवा ना.’ आणि काका शेजारच्या मुलाची पांढरी गाडी सांगून मोकळे होतात, ‘घरच्यासारखा आहे, कमी घेईल.’ काका-काकू, कृपा करून हे थांबवा. काही झालं तर तो मुलगा अडकेल, पाहुणे अडकतील आणि तोंड दाखवायची पंचाईत तुमची होईल. परवान्याच्या दोन-चार गाडीवाल्यांचे नंबर वहीत लिहून ठेवा आणि तेच द्या. पाहुण्यांना एवढंच सांगा, की थोडं जास्त पडेल, पण पावती मिळेल.

आणि त्या शेजारच्या मुलाला, तो हे वाचत असेल तर. हप्ता फेडायला तू गाडी भाड्यानं लावतोस, त्यात वाकडं काही नाही. पण २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तेव्हा येणारी गर्दी आत्ताच्या कितीतरी पट असेल आणि तपासणीही तशीच कडक असेल. आत्ताच आरटीओत जा, गाडी टॅक्सीत बदलून घे, परवाना काढ, दराचा कागद छापून काचेला लाव. परवान्याची गाडी आणि लिहिलेला दर असला की एकदा आलेला पाहुणा पुढच्या वर्षी तुलाच फोन करतो.

रस्त्यात काही झालं तर ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. हे दोन नंबर आणि गाडीचा नंबर निघण्याआधी घरी कुणाला तरी कळवून ठेवा.

ज्यांची गाडी या आठवड्यात निघणार आहे त्यांनी आज संध्याकाळीच मालकाला फोन करून गाडीचा नंबर मागून घ्यावा आणि ॲपवर बघावा. ‘मोटर कार’ निघाली तर गाडी बदलून मागा. बदलून देत नसतील तर आगाऊ दिलेल्या पैशांवर पाणी सोडा आणि दुसरी गाडी ठरवा.